कोवळ्या घोड्याला क्रॉस-कंट्रीसाठी तयार करताना

अकलूजला दिवाळीच्या दिवसांत भरणाऱ्या घोडेबाजारातून एक फेरी मारली, की आपल्याकडे घोड्याचा भाव कशावर ठरतो हे लगेच लक्षात येते. मान ताठ, कानांची टोके एकमेकांना भिडलेली आणि हलगीच्या तालावर पाय उचलणारा घोडा पुढे आला की भोवती कडे पडते. मग अंगावरचे भोवरे मोजले जातात, देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा, आहे का ते पाहिले जाते, आणि चारही पाय व तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याणी म्हणून बोली वाढते. क्रॉस-कंट्रीसाठी घोडा शोधणाऱ्याने हे सारे हौसेने पाहावे, परंतु पाहण्याचा क्रम उलटा ठेवावा: आधी खूर, मग पाय, मग पाठ, मग स्वभाव आणि उरलेल्या वेळात रूप.

क्रॉस-कंट्री हा इव्हेंटिंग या तिहेरी स्पर्धेचा सर्वांत खडतर भाग होय. ड्रेसाजमध्ये घोड्याची आज्ञाधारकता आणि शो-जंपिंगमध्ये त्याचा नेमकेपणा तपासला जातो. तेथे पाय लागला तर दांडी खाली पडते आणि फक्त गुण जातात. क्रॉस-कंट्रीचे अडथळे मात्र भक्कम असतात, ओंडका पडत नाही, चर बुजत नाही, आणि घोड्याला चढ, उतार, पाणी, ऊन-सावली या सर्वांतून ठरावीक वेळेत मोकळ्या रानाने जावे लागते. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले आणि सांघिक सुवर्णही भारतालाच मिळाले. 2018 मध्ये जकार्ता येथे फवाद मिर्झा यांनी वैयक्तिक रौप्यपदक पटकावले. अशा घोड्यांची छायाचित्रे पाहून आपल्याकडचा हौशी मालक सुरुवातच उडीपासून करतो, आणि माझ्या पाहण्यात बिघडलेले बहुतेक घोडे याच घाईने बिघडलेले आहेत. उडी हा या शिक्षणातील शेवटचा आणि त्या मानाने सोपा भाग आहे. आपल्या चार पायांखाली काय आहे ते घोड्याने स्वतः पाहावे, स्वतः ठरवावे आणि न घाबरता पुढे जावे, हा अवघड भाग आहे. त्यासाठी आखीव मैदान जवळ नसले तरी बांध, ओढे, पाझर तलाव आणि मुरमाड माळ असलेला सोलापूरचा परिसर पुरेसा आहे.

घोडा निवडताना

शक्यतो तीन वर्षांचा, पाठीवर अजून कोणी न बसलेला घोडा घ्यावा. नाचण्यासाठी तयार केलेला घोडा कितीही देखणा असला तरी या कामासाठी मी सुचवणार नाही, कारण त्याला मान वर आणि पाठ खोलगट ठेवून जागच्या जागी पाय आपटण्याची सवय लावलेली असते, तर आपल्याला मान पुढे-खाली सोडून पाठ उचलणारा आणि जमिनीकडे पाहून चालणारा घोडा हवा असतो. लागलेली सवय मोडण्यात जेवढा काळ जातो, तेवढ्यात नवा घोडा शिकून होतो. काठियावाडी आणि मारवाडी घोडे चपळ व काटक असतात. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू उंचीला लहान असले तरी त्याचे खूर टणक आणि पाय या जमिनीला सरावलेले असतात, त्यामुळे कमी वजनाच्या स्वारासाठी ते उत्तम ठरते. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड मिळाला तर त्याला वेग शिकवावा लागत नाही, परंतु वेग विसरायला शिकवावे लागते.

विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर न जाता दात पाहावेत. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास, त्यांच्या शेजारचे साडेतीन वर्षांच्या आणि कोपऱ्यातले साडेचार वर्षांच्या सुमारास पडून पक्के दात येतात. व्यवहार होण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून पाय, डोळे आणि हृदय तपासून घ्यावे, तसेच ग्लँडर्सची रक्तचाचणी झाली आहे याचा दाखला मागावा, कारण हा रोग माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. धनुर्वाताची लस तर घोड्याला आणि त्याच्या माणसांना, दोघांनाही, हवीच.

पाठीवर बसण्यापूर्वी

शिंगरू दीड-दोन वर्षांचे झाले की त्याच्या पाठीवर पोर बसवून गल्लीत मिरवण्याची आपल्याकडे हौस असते, आणि ती घोड्याला पुढे महागात पडते. घोड्याची हाडे साधारणपणे खालून वर पक्की होत जातात: खुराजवळची हाडे पहिल्या वर्ष-दीड वर्षात, पुढच्या गुडघ्यावरचे हाड अडीच वर्षांच्या सुमारास, आणि पाठीच्या कण्यातील मणके पाच-सहा वर्षांपर्यंत. म्हणजे ज्या पाठीवर आपण बसतो, तीच सर्वांत शेवटी तयार होते. घोडा तीन वर्षांचा होण्यापूर्वी पाठीवर वजन देऊ नये, चार वर्षांचा होण्यापूर्वी स्वारासह उडी मारायला लावू नये, आणि खोगिरासह एकूण वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक होऊ देऊ नये. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर याचा अर्थ सत्तर किलो, आणि कोवळ्या घोड्यासाठी त्याहूनही बरेच कमी.

तोपर्यंतचा काळ रिकामा नसतो. मोहरकी, म्हणजे तोंडावरचा दोरीचा साज, घालून दोन्ही बाजूंनी चालवणे, आवाजावर थांबणे व निघणे, चारही खूर उचलू देणे, रोजचा खरारा, नालबंदासमोर शांत उभे राहणे, टेम्पोत चढणे-उतरणे हे सारे याच काळात व्हावे. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून घ्यावेत. त्यानंतर लांब दोरीवर गोलात फिरवण्यास, म्हणजे लंजिंगला, सुरुवात करावी. येथे एक चूक सर्रास दिसते: जुन्या पद्धतीचा चाबूकस्वार दोरी आखूड धरून घोड्याला लहानशा गोलात घामाघूम होईपर्यंत पळवतो. गोल जितका लहान तितका आतल्या पायाच्या सांध्यांवर ताण अधिक, म्हणून गोलाचा व्यास अठरा-वीस मीटर असावा, काम दोन्ही दिशांना सारखे आणि मिळून पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक नसावे, आणि तेही आठवड्यातून दोन-तीनदाच.

तोंडात कडियाळे, म्हणजे लगामाची धातूची कडी, देण्याआधी दाढांपुढे येणारा लहान दात, ज्याला वुल्फ टूथ म्हणतात, आहे का ते पशुवैद्यकाने पाहिलेले बरे. पुष्कळदा 'हट्टी' ठरलेला घोडा केवळ त्या दातावर कडियाळे आपटत असल्याने मान झटकत असतो. खोगीर ठेवताना तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नये, दर काही मिनिटांनी एकेक भोक पुढे जावे. त्यानंतर दोन लांब दोऱ्या लगामासारख्या घेऊन घोड्याच्या मागे पायी चालावे. घोड्याला यातून पुढे कोणी माणूस नसताना रस्ता काढण्याची सवय लागते आणि पुढे क्रॉस-कंट्रीत तीच कामी येते, म्हणून माझ्या मते हा टप्पा कधीही गाळू नये. स्वाराने प्रथम घोड्याच्या पाठीवर नुसते पोट टेकावे, मग हळूच पाय टाकावा, आणि पहिले काही दिवस ओळखीच्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, घोडा हाती धरावा. साडेतीन वर्षांच्या घोड्याला एवढे शिकवून झाल्यावर दोन-तीन महिने मोकळे सोडले तर नुकसान काहीच होत नाही.

माळावरची शाळा

आपल्या भागात या कामासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात काळी माती खुराला चिकटून नाल उपटते आणि पायाच्या शिरांवर ताण आणते, तेव्हा फक्त मुरमाड वाटांवर जावे. मार्चनंतर तीच जमीन दगडासारखी होते, तिला पडलेल्या भेगांत अख्खा खूर अडकू शकतो. त्या दिवसांत शेतजमिनीवर घोडा चालण्यापलीकडे नेऊ नये.

पहिले सहा आठवडे केवळ चाल, चाळीस-पंचेचाळीस मिनिटे, लगाम सैल सोडून. सोबत एखादा वयस्क, शांत घोडा असेल तर फारच उत्तम. पहिल्या आठवड्यात तो पुढे, नंतर बरोबरीने आणि शेवटी मागे ठेवावा. शेताचा बांध ओलांडताना, पाझर तलावाचा भराव चढताना, ओढ्याच्या काठावरून उतरताना घोड्याने मान खाली घालून जमीन पाहिली पाहिजे, आणि ती पाहू देण्यासाठी स्वाराने हात पुढे सोडले पाहिजेत. उतारावर घोडा नेहमी सरळ उतरवावा; तिरका उतरवला तर मागचे पाय बाजूला घसरतात. अडखळला तरी लगाम ओढू नये, आयाळ धरावी. दहा वेळा अडखळलेला घोडा अकराव्या वेळी पाय उचलतो, परंतु प्रत्येक वेळी स्वाराने तोंड ओढून सावरलेला घोडा आयुष्यभर स्वाराचीच वाट पाहत राहतो.

या रानातले धोके परदेशी पुस्तकांत सापडणार नाहीत, म्हणून ते सविस्तर सांगतो. सर्वांत मोठा धोका कठडा नसलेल्या विहिरींचा. गवत वाढलेले असताना तिचे तोंड घोड्यावरूनही दिसत नाही, त्यामुळे नव्या शिवारात पहिली फेरी पायी मारल्याखेरीज घोडा नेऊच नये. ठिबकच्या नळ्या पायात गुंततात, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा उजेडात नीट दिसत नाहीत, वेड्या बाभळीचा काटा तळखुरात शिरून मोडतो आणि चार दिवसांनी लंगडेपणा दिसतो. म्हणून परतल्यावर चारही खूर हुकाने साफ करून बोटाने चाचपून पाहावेत. ज्वारीच्या उभ्या पिकाजवळून जाताना घोड्याला तोंड मारू देऊ नये. कोवळ्या आणि पाण्यावाचून सुकलेल्या ज्वारीत विषारी द्रव्य असते, आणि ताटव्यात घोडा शिरला तर शेतकऱ्याशी बिघडलेला संबंध त्याहून विषारी ठरतो. ज्याच्या बांधावरून जायचे त्याला आधी विचारावे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा गवताळ माळ कितीही मोहात पाडणारा असला तरी तो या कामासाठी नाही.

आवाजाची सवय मात्र आपोआप लागते. गळीत हंगामात उसाने भरलेली जोड-ट्रॉली मोठ्याने गाणी लावून येते, तेव्हा घोड्याला पाठ फिरवू न देता रस्त्यापासून आत, ट्रॉलीकडे तोंड करून उभे करावे आणि ती जाईपर्यंत स्वतः शांत श्वास घ्यावा. पहिल्यांदा बुजेल, आठव्यांदा कान हलवेल. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामाने घोडा धीट होईल अशी कल्पना कोणी करू नये; त्या रात्री घोडा शहरापासून दूर, त्याच्या ठाणावरच असावा.

दांडी, ओंडका, चर, पायरी, पाणी

घोडा चाल आणि दुडकीत सरळ राहू लागला, कॅंटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान दौडीत, उजव्या-डाव्या दोन्ही पायांवर तोल सांभाळू लागला, की जमिनीवर दांड्या टाकाव्यात. दोन दांड्यांतले अंतर अंदाजाने न धरता मोजून ठेवावे: चालीसाठी 80 ते 90 सेंटिमीटर आणि दुडकीसाठी 1.2 ते 1.4 मीटर. भीमथडीसारख्या लहान घोड्यासाठी हे अंतर आणखी कमी करावे. अंतर चुकले की घोडा दांडीवर पाय देतो आणि दोष मात्र त्याला लागतो.

पहिला अडथळा म्हणजे बाभळीचा किंवा लिंबाचा जाड ओंडका, उंची फूटभर, लांबी किमान दहा-बारा फूट, म्हणजे घोड्याला बाजूने निसटण्याचा विचार सुचू नये. तो आधी चालीत ओलांडावा, मग दुडकीत. घोडा उडी न मारता नुसता पाय उचलून गेला तरी शाबासकी द्यावी. रिकिबी नेहमीपेक्षा दोन-तीन भोके आखूड असाव्यात, वजन टाचेत, आणि बैठक खोगिरापासून किंचित उचललेली. गळ्यात एक सैल पट्टा बांधून ठेवावा. घोडा अनपेक्षित उंच उडाला तर हाताने तोच पकडावा, म्हणजे तोंडाला झटका बसत नाही. कमीत कमी सहा-सात वेगवेगळे ओंडके, वेगवेगळ्या जागी, सहजपणे पार होईपर्यंत उंची वाढवू नये. उंची घोड्याला फारशी घाबरवत नाही. त्याला नवलाई घाबरवते.

चराच्या बाबतीत मी स्वतः केलेली चूक सांगतो. माझी पहिली कुमैत घोडी ओंडक्यांवर इतकी खुशीत होती की चार फूट रुंदीचा, तळाशी पाणी साचलेला चर मी तिला दुसऱ्याच महिन्यात दाखवला. ती अडली, मी टाच मारली, ती काठावरून उभी उडाली आणि मागचे दोन्ही पाय चरात गेले. तिला लागले नाही, परंतु त्यानंतर सहा महिने जमिनीवरची काळी सावलीही ती ओलांडेना. चराची सुरुवात फूटभर रुंदीच्या, कोरड्या, उथळ चारीपासून करावी, आणि पुढे जाणारा अनुभवी घोडा असावा. घोडा अडला तर त्याला थांबून पाहू द्यावे. मागे फिरू किंवा बाजूला वळू मात्र देऊ नये. स्वाराने नजर चराच्या तळाशी न ठेवता पलीकडच्या झाडावर ठेवावी, कारण खाली पाहणाऱ्या स्वाराचे वजन पुढे जाते आणि घोड्याला ते लगेच जाणवते.

पायरीसाठी बांधाचा फूटभर उंचीचा, मुरमाचा कडा पुरतो. आधी चढणे, मग उतरणे. उतरताना स्वाराने खांदे मागे ठेवून लगाम बोटांतून सरकू द्यावा.

पाण्याबाबत तळाला सर्वाधिक महत्त्व आहे. उजनीच्या फुगवट्याच्या कडेला किंवा एखाद्या तलावाच्या गाळपेर जमिनीवर पाणी उथळ दिसते, परंतु खालचा गाळ घोड्याला पोटापर्यंत गिळू शकतो, आणि एकदा रुतलेला घोडा पाण्यावर पुन्हा विश्वास टाकत नाही. मुरमाचा किंवा वाळूचा पक्का तळ असलेला, घोट्याइतक्या पाण्याचा ओढा निवडावा आणि तो आधी स्वतः अनवाणी ओलांडून पाहावा. पहिल्या दिवशी उडी नाही, घाई नाही. सोबतच्या घोड्यामागे चालीत आत, मध्ये थांबणे, त्याला पाणी हुंगू देणे, पाय आपटू देणे, मग बाहेर. मात्र तो पुढच्या पायाने पाणी खोदत गुडघे वाकवू लागला तर तत्काळ पुढे काढावा, अन्यथा तो खोगिरासह लोळेल, हे हसण्यासारखे वाटले तरी खोगीर दुरुस्त करणाऱ्याचे बिल हसण्यासारखे नसते.

दम आणि ऊन

विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतात. कामानंतर दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर ठोके साठच्या खाली आले नाहीत, तर काम जास्त झाले असे समजावे. पाच वर्षांच्या घोड्याला तीन-तीन मिनिटांचे तीन कॅंटर, मध्ये दोन-तीन मिनिटांची चाल, हे चार-पाच दिवसांतून एकदा पुरते; बाकीच्या दिवशी लांब चाल आणि दुडकी, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. ज्वारीचा वाळलेला कडबा, हिरवा लसूण घास आणि भिजवलेला हरभरा हे आपल्याकडचे खाणे चांगले आहे, परंतु दाणा कामाच्या मानाने द्यावा, आणि खाणे व काम यांत दीड-दोन तासांचे अंतर असावे.

सोलापूरचा उन्हाळा 43-44 अंशांवर जातो, त्यामुळे फेब्रुवारीनंतर सकाळी आठच्या आत घोडा सावलीत परतलेला असावा. घामातून मीठ जाते, ते रोजच्या दाण्यात भरून काढावे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले तर तो 'धरतो', म्हणजे त्याचे अंग आखडते, ही समजूत अजून अनेक तबेल्यांत आहे. प्रत्यक्षात सर्वांगावर सतत पाणी ओतत राहणे आणि पिण्यासही देणे हाच अंग थंड करण्याचा खात्रीचा उपाय आहे.

पहिला कोर्स

पाच वर्षांचा घोडा ओंडका, चर, पायरी आणि पाणी हे चारही प्रकार सोबतीशिवाय पार करू लागला, की ते एकमेकांना जोडावेत. सात-आठ अडथळे, सर्व त्याच्या नेहमीच्या उंचीपेक्षा लहान, दोहोंमध्ये भरपूर अंतर, सुरुवात आणि शेवट त्याच्या आवडत्या ओंडक्याने. कोर्स स्वाराने आधी पायी दोनदा चालावा. मान्यताप्राप्त हेल्मेट आणि छाती-पाठ झाकणारे संरक्षक जाकीट घातल्याशिवाय आणि जमिनीवर एक माणूस फोन घेऊन हजर असल्याशिवाय ओंडक्यावरसुद्धा जाऊ नये. घड्याळ घरी ठेवावे. कॅंटरमध्ये घोडा ओढू लागला तर दुडकीत आणावा आणि पुढचा अडथळा दुडकीतच घ्यावा. तीन वेळा अडला तर त्या अडथळ्याचे सर्वांत सोपे रूप शोधून ते पार करावे आणि तेथेच खाली उतरावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरारा करण्यापूर्वी चारही पायांवरून हात फिरवून कोठे ऊब किंवा सूज आहे का ते पाहावे आणि घोड्याला कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकीत पळवून चाल तपासावी. पाय थंड आणि चाल सारखी असेल तर तिसऱ्या दिवशी पुन्हा माळावर न्यावे, सैल लगामावर, नुसते चालायला.